आबा, ओटी परत करता येते का?

आबा, मला लिहायला येत नाही ही तुमचीच कृपा, म्हणून हे नातीला सांगून लिहवून घेतेय. फौजेच्या भांडारात तुम्ही पोती मोजायचात, मलाही मोजायला शिकवलंत. अक्षर मात्र थोरल्या भावाला. मी बोलते तसं लिही म्हटलं, तर ही सगळं धुऊन-पुसून शाळेतल्यासारखं लिहिते. लिहू दे. ही म्हणजे तुमची पणती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. फौजेत कॅप्टन आहे, आणि तुम्ही आफ्रिकेत शांतिसेनेत गेला होतात तशी तीही गेली. तुम्ही धान्य मोजलंत, ही डिझेल मोजायची. सध्या मोजत नाही. सध्या घरी बसून आजीचं पत्र लिहिते. ते का, तेच सांगायचंय.

तुम्ही रजेवर आला होतात तो उन्हाळा. मी नऊ-दहा वर्षांची. तुमच्या फौजेच्या भांडाराला डाळ पाठवणाऱ्या सांगलीच्या व्यापाऱ्याचा माणूस घरी येतो, पोरीसाठी आणलंय म्हणतो, आणि माझ्या हातात लाल छत्री देतो. तुम्ही शेतावरून येईपर्यंत मी ती घरातल्या घरात उघडून बसले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रहिमतपूर स्टेशनापर्यंत चालवलंत, गाडीनं सांगलीला नेलंत, आणि पेढीवर माझ्याच हातानं छत्री परत द्यायला लावलीत. त्यांनी चहा मागवला, तुम्ही पेला उपडा ठेवलात. येताना डोक्यावर ऊन. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरी, आज तू त्येची छत्री धरलीस, उद्या त्यो माझ्या काट्यावर बोट धरंल." मला काटा कळला नाही, ऊन कळलं. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंही नसेल. तसं आपलं बोलणं तरी कितीसं होतं.

तर ही तिकडं गेली. टँकर आला की आधी काठी बुडवून बघायची, रिकामा झाला की पुन्हा बघायची. मागणारा एक, मोजून घेणारा दुसरा, सही करणारा तिसरा, आणि मोजणारा दर महिन्याला बदलायचा, अशी रीत तिनं लावली. डिझेल कमी पडलं की गस्तीची गाडी मधेच रानात थांबते, आणि जिथं थांबते तिथं बंदुका असतात. परक्या मुलखात चोर चोर म्हणून येत नाही, ओळख काढत येतो, असं ही मला फोनवर सांगायची. ओळख निघालीच. डिझेल पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा तिथला मॅनेजर मलकापूरचा. आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून तो रोज चहाला बोलवायचा, ही जायची नाही. टँकर मात्र रोज थोडा थोडा हलका यायला लागला, आणि हिनं तक्रारीचा कागद करायला घेतला.

त्याच आठवड्यात त्याची बायको माझ्या कोरेगावच्या सासरघरी आली. तिथली खबरबात सांगितली, पाया पडली आणि ओटी काढली. मी मागं सरले. तुमचे जावई गेल्यापासून वीस वर्षं माझी ओटी कुणी भरली नव्हती. हळदीकुंकवाला मी आपली भांडी घासायच्या बाजूला. ती म्हणाली, "आवं आई, आता आसलं कोण पाळतंय? घ्या पदरात." आबा, मी पदर पसरला. एवढा की तिलाच हसू आलं. हिरवागार खण, नारळ आणि चांगले शेरभर तांदूळ.

संध्याकाळी तांदूळ सुपात ओतले, तर त्यातून सोन्याची पाटली निघाली. चुकून पडली असेल, म्हणाले मी. खोटंच. हातातली पाटली चुकून तांदळात पडत नसते, तेवढं मोजमाप तुम्ही शिकवलं होतंत. तरी डब्यात ठेवली, देऊ कधीतरी म्हणून.

पंधरा दिवसांनी तो मॅनेजर हिला म्हणाला, आजींची ओटी भरली बरं का, आता आपण घरचेच. हिचा फोन आला. "आजी, काय घेतलंस?" ओटी, म्हटलं. "आणि?" मग सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. तिनं त्याच दिवशी साहेबाकडं दोन कागद दिले: डिझेल कमी येतं हा एक, आणि माझ्या घरात पाटली आलीय हा दुसरा. चौकशी होईपर्यंत मोजणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी भाकऱ्या केल्या, खाल्ल्या, भांडी घासली. अजून तसंच आहे. विस्तवावर हात ठेवला तरी उशिरा कळावं तसं.

ही रजेवर आली तशी आम्ही दोन पंच घेऊन मलकापूरला गेलो. पाटली दिली, नारळाला नारळ, तांदळाला तांदूळ दिले. ती बाई दारातच उभी. "ओटी कुणी परत करतंय व्हय, आई?" एवढंच म्हणाली. तिचंही खरंच आहे. चहा आला, मी कप उपडा केला. मग हिनं कागद वाचून दाखवला, घेतलेलं सगळं परत केलं असा, आणि मी खाली अंगठा उठवला. तो कागद चौकशीला जायचाय. हिची नोकरी त्याच्यावर आहे.

आबा, सगळं नाही दिलं. खणाचं हिलाही बोलले नव्हते; तो माझ्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली.

हे सांगितलं आणि हिचा हात थांबला. माझ्याकडं बघतेय. आता म्हणते, "आजी, उद्या दुसरा कागद करू." करू. खण घेऊन पुन्हा मलकापूरला जाऊ, अंगठा काय, तोच आहे. हे पत्र पाठवायचं नाहीच, तुमचा पत्ता कुणाला ठाऊक. पण ओटी भरली त्या दुपारी कडी लावून तो खण मी अंगाला लावून आरशात बघितला होता. ते त्या कागदात घालू नकोस म्हटलंय हिला. ते इथंच राहू दे.