चरवी वाजली की

१८ नोव्हेंबर

राजूरला आले एकदाची, आणि आल्या आल्या गाव आवडलं. मानसशास्त्र शिकवायला इथे कोणी टिकत नाही म्हणून ही जागा मला मिळाली, हे प्राचार्यांनी चहा पाजता पाजताच सांगून टाकलं. प्रामाणिक माणूस. नितीन चाकणच्या कंपनीतून महिन्यातून एकदा येणार. तोवर मी, साडेतीन महिन्यांची दिशा आणि घरमालकीण विमलबाई. टेम्पोतून सामान उतरायच्या आधी बाईंनी दिशाला उतरवून घेतलं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, लई गुणाची हाय लेक, रडत सुदिक न्हाई. लेकीची आई तिथेच विरघळली.

मागे गोठ्यात गोदी नावाची म्हैस आणि तिचं पारडू. घरात बाईंचा नातू ओम, दिशाच्याच वयाचा. त्याची आई रुपाली बाळंतपणात गेली. पोर काटकुळं आहे. कापसाच्या बोळ्यानं म्हशीचं पातळ दूध घेतं आणि निम्मं ओकतं. उजव्या कानामागे लाल डाग आहे, कुंकवाचं बोट पुसल्यासारखा.

२१ नोव्हेंबर

बाई धार काढायच्या आधी पितळी चरवीवर अंगठीनं तीनदा टकटक करतात. पारडू जवळ नसलं तरी गोदी पान्हा सोडते. अभिजात अभिसंधान, म्हणजे खुणेशी जोडली गेलेली शरीराची सवय, तेही माझ्या न्हाणीच्या खिडकीतून. पुस्तकातला कुत्रा आणि त्याची घंटा गेली चुलीत.

वर्गात मालन नावाची एक काल्पनिक बाई रचून दिली. तिचा बाप दारू पिऊन सायकलवरून घरी यायचा आणि मारायचा. अजूनही सायकलची घंटी वाजली की मालन गप्प होते, आणि सासरचे कौतुकानं सांगतात, आमची सून शांत स्वभावाची. स्वभाव कसला, घंटी आहे ती. मुलं हसली. मलाही माझं वाक्य आवडलं.

संध्याकाळी विमलबाईंना हेच समजावलं. त्यांनी हातातलं काम ठेवून ऐकलं आणि विचारलं, किती दिस लागत्यात. म्हटलं, पंधरा दिवस रोज जोडी जमवली की पुढे नुसता आवाज पुरतो. वर्गात सांगायला घरचं उदाहरण हवं होतं, म्हणून मीच गळ घातली की मी दिशाला पाजायला घेतलं की चरवी वाजवत जा. बाईंना गंमत वाटली असावी. लगेच हो म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर

बाईंनी आज भीत भीत विचारलं, ओमला एक येळ पाजाल का. मी सरळ नाही म्हटलं. खरं लिहायचं तर किळस आली, त्याच्या अंगाला आंबट वास येतो. मी इथे नोकरीला आलेय, दूध पाजायला नाही, असंही तोंडून गेलं. जरा जास्तच लागलं असेल. बाई बरं म्हणाल्या आणि उठून गेल्या. संध्याकाळी चरवी मात्र वेळेवर वाजवली.

३० नोव्हेंबर

गोदीचं पारडू मेलं. शेजारच्या सहादूनं त्याचं कातडं काढून आत पेंढा भरला आणि ते सोंग म्हशीपुढे उभं केलं. कातडं धुवायचं न्हाई, वास ऱ्हायला पायजे, असं तो मला मास्तरासारखं सांगत होता. बाई म्हणाल्या, म्हशीला कळू द्यायचं न्हाई, कळलं की आटती. चरवी वाजली. गोदी पेंढा चाटत राहिली आणि दुधानं चरवी भरली. मूर्ख जनावर. वर्गासाठी फोटो काढला.

४ डिसेंबर

पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. स्टाफरूममध्ये शिपायानं तांब्यावर पेला आपटला, टक टक टक, आणि माझा ब्लाउज भिजला. पदर ओढून बसले. लाज वाटली, आणि अभिमानही वाटला. बाईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

७ डिसेंबर

ताप. हातपाय मोडून आलेत. बाईंचा काढा कडू जहर आहे, घेतला की डोळे मिटतात. वारं लागू नये म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्यात. दिशाला ताप नाही, नशीब. चरवी वाजते, बाई अंधारात तिला कुंचीत गुंडाळून छातीशी आणून ठेवतात, पिऊन झालं की नेतात.

९ डिसेंबर

दिशा आज फार ओढत होती. जन्माची उपाशी असल्यासारखी. पलीकडे ओम सारखा रडतोय, बारीक आवाजात. डोकं उठलं. बाईंना म्हटलं, त्याला गप्प करा आधी.

११ डिसेंबर

ओम रडत नाही आता. बाई म्हणाल्या, निजला.

१३ डिसेंबर, सकाळी

काढा मोरीत ओतला. डोकं मोकळं झालं. बाळ छातीशी होतं. वास दिशाचाच, झबलं दिशाचंच — तेच, सात तारखेचं, न धुतलेलं. कुंची मागे सारली. उजव्या कानामागे लाल डाग.

दुपारी

विचारलं. बाई भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. दिशा परवा गेली म्हणाल्या. तापानं. सहादूनं वढ्याच्या कडंला पुरली. तुमाला कळू दिलं न्हाई, आटलं असतं.

दिशाला ताप नव्हता. मी लिहून ठेवलंय, वर, सात तारखेला.

आणि पलीकडचं ते बारीक रडणं. गप्प करा म्हणाले ते — मी —

मोबाईल सापडत नाही. चार वाजता तालुक्याची, अकोल्याची एसटी आहे. पोलिसांत जाणार. त्या पोराला हात लावणार नाही. मरू दे उपाशी.

साडेतीन

पिशवी घेऊन ओसरीपर्यंत आले. बाई आडव्या आल्या नाहीत. पोराला माझ्यापुढे ठेवलं आणि चरवी घेऊन बसल्या —

टक टक टक

ओलं झालं सगळं. मला माहीत आहे हा कोण आहे. सगळं माहीत आहे. गोदीलाही माहीत असेल —

उचललं मी त्याला. कधी उचललं —

एसटीचा हॉर्न. दिशा, थांब गं, एवढं पाजून —