काठावरचा पिवळा ठिपका

दि. ९ नोव्हेंबर

चि. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. हिचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे. माझा हात थरथरतो, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणं सोडलं. भाचीने टॅबलेट आणून दिलाय. त्यावर पेनाने रंगवायचं. चुकलं की बोट लावून पुसायचं. ही म्हणते, "बरं झालं, लोकांच्या भिंती वाचल्या."

उन्हाळ्यात ही म्हणाली, "पोराला समुद्राचं वेड होतं. एक समुद्र काढा ना, हॉलमध्ये लावू."

महिनाभर मी नाहीच म्हणत होतो. मग कपाटातून त्याचा पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा काढला. तो बुडाला तेव्हा त्याच्या मनगटाला बांधलेला परत मिळाला होता, तोच. तुमच्या सगळ्या सहलींचे फोटो त्यात होते. भाचीने ते टॅबलेटवर घेऊन दिले.

एका किनाऱ्याचं आभाळ घेतलं, दुसऱ्याच्या लाटा, थरावर थर चढवले. पाण्याचा हिरवा जमता जमेना. तोही जमला, पण फेस मेलेला दिसायचा, चुना फासल्यासारखा. जवळून टिपलेला फेस फक्त शेवटच्या दिवसाच्या फोटोंत होता. ते मी उघडत नव्हतो.

मागच्या मंगळवारी उघडले. अकरा फोटो. त्याने पोहता पोहता काठाकडे वळून काढलेले. फेसाचा रंग उचलायला एक मोठा केला, तर काठावर पिवळा ठिपका दिसला. आणखी मोठा केला. तू होतीस. गुडघाभर पाण्यात, दोन्ही हात वर, तोंड उघडं. पुढच्यात कमरेएवढ्या पाण्यात. त्याच्या पुढच्यात कुणी माणूस तुला दंडाला धरून मागे ओढतोय आणि तू त्याला ढकलतेस. एका फोटोत आपल्या गाढवाने स्वतःचा अर्धा चेहरा घेतलाय. हसतोय.

तू हेच सांगत होतीस. "बाबा, मी खूप हाका मारल्या. मला पोहता येत नाही हो."

आणि मी त्याच्या तेराव्याला भरल्या घरात म्हणालो, "वाळूत बसून मजा बघत राहिलीस तू!"

दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. ही तेव्हाच म्हणाली होती, पोरगी खोटं बोलत नाही. मला ऐकायचंच नव्हतं. तो हट्टी होता, आणि त्याचा हट्ट लहानपणापासून मीच कौतुकाने पोसला होता. ते कबूल करण्यापेक्षा तुझ्यावर ढकलणं सोपं होतं.

हिला फोटो दाखवले. हिने चष्मा लावून अकराही पाहिले. मग म्हणाली, "मला काय सांगताय? तिला लिहा."

त्याआधी एक काम करायचं होतं. रविवारी तेराव्याला आलेल्या सगळ्या नातेवाइकांना घरी बोलावलं. त्यांना वाटलं, चित्र दाखवायला. चित्र पाहून झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, सुनेची काही चूक नव्हती, मी तिच्यावर खोटा आळ घेतला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता कशाला उकरून काढतोस?" मी फोटो उघडून टॅबलेट त्याच्या हातात दिला. त्याने एकेक फोटो पाहिला आणि टॅबलेट शेजारच्याकडे सरकवला.

ते फोटो तुला पाठवत नाही. ते तुला पुन्हा बघायला लावण्याचा मला हक्क नाही. माफ कर, असंही म्हणत नाही. तीन वर्षं तू हे एकटीने कसं काढलंस, ते विचारायचीही लाज वाटते.

उत्तराची सक्ती नाही. इथवर वाचलंस, तरी पुष्कळ.

तुझा अपराधी,
बाबा