शेलारच्या गोदामातली खेप

कोन, भिवंडी
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय हौसा,

दोन वर्षं झाली, माझं तुला पत्र नाही की तुझा मला फोन नाही. दोष माझाच. आई बरी आहे. तुझी आठवण काढते, पण माझ्यासमोर नाही.

मला कंपनीने उपाध्यक्ष केलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळणारं आगरी घरातलं पोर तिथवर पोचलं, म्हणून गावाने सत्कारही केला. मी कसा पोचलो, ते तुला ठाऊक आहे. पडघ्याच्या दवाखान्यात तू नर्स होतीस. आमचं खोकल्याचं औषध घेतलेल्या तीन लेकरांची लघवी बंद झाली, अंगं सुजली, एकामागोमाग तिघंही गेली. तू कंपनीला लेखी कळवलंस. मी चौकशीत सांगितलं, औषध निर्दोष आहे. ही नर्स माझी सख्खी बहीण, घरच्या भांडणाचा डूख धरून खोटं बोलतेय. तुझी नोकरी गेली आणि मला बढती मिळाली.

त्या औषधाच्या खेपेची बाजारातून परत आलेली खोकी शेलार गावातल्या आमच्या गोदामात होती. ती नष्ट केल्याचा कागद मी केला, खोकी तशीच राहिली. गणपतीनंतर तिथला वॉचमन चिंधू काम सोडायचं म्हणू लागला. ‘साहेब, आतमंदी पोरं खोकतात. लय हुडकली, पन कोनीच न्हाय.’ मी हसलो आणि भर दुपारी त्याच्यासोबत आत गेलो. शेजारी लूमची खडखड चालू होती, तरी स्पष्ट ऐकू आलं. ओला, छातीतून येणारा खोकला. तीन निरनिराळे आवाज, त्यातला एक अगदी तान्ह्याचा. खोक्याला हात लावला की एकदम शांत, कुणी श्वास रोखून धरावा तसं. पाठ फिरवली की पुन्हा सुरू. चिंधूने तिथेच माझ्या हातात किल्ल्या ठेवल्या.

उन्हाने छपराचे पत्रे वाजत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण काल माझ्या पूर्वीला शाळेतून आणायला गेलो, तर ती गाडीत मागे बसेना. सहा वर्षांची पोर ती, तिला यातलं काय माहीत? म्हणाली, ‘बाबा, मागे जागा कुठंय?’

सोबत तपासणीचा मूळ अहवाल आहे. औषधात कारखान्यांत वापरायचं विषारी रसायन मिसळलंय, असं आमच्याच केमिस्टने लिहून दिलं होतं. तो अहवाल माझ्या हाती आला, तेव्हा तिसरं मूल जिवंत होतं, हौसा. आणखी चार दिवस ते औषध घेत होतं. खाली माझी सही आणि तारीख आहे. दोनदा मी हा कागद जाळायला घेतला. उद्या ऑफिसात खुर्चीवर बसलो की माझी भीती ओसरेल आणि मी पुन्हा खोटं बोलेन, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून आजच्याच टपालाने पाठवतोय. औषध निरीक्षकांच्या हातात नेऊन दे. नंतर मी तुझ्या दारात आलो, रडलो, आईची शपथ घातली, तरी परत देऊ नकोस.

तुझाच,
दौलतदादा