उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

३ मार्च
प्रमोशनचा फॉर्म भरायला घेतला. पेपर बावीस. सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले माझे दाखले, चारशे बारा — त्यातली तीनशे चार एकट्या 'डाव्या बाजू'च्या पेपरची! बाकीचे एकवीस नुसती खोगीरभरती. चेहरा बघून नाव आठवताना मेंदूचा कानामागचा डावा भाग जागा होतो, एवढंच 'डाव्या बाजू'त म्हटलंय. पण ते आधी मी म्हटलंय. बारा वर्षं याच खुर्चीत पाठ धरली. आता पुरे.

५ मार्च
चिमणी — माझी नवी पीएचडीची विद्यार्थिनी, आवाज तेवढाच — माझ्या त्याच पेपरच्या जुन्या स्कॅनवर हात बसवतेय. "मॅडम, माझं सगळं उजवीकडे येतंय." म्हटलं, पुन्हा कर. धांदरट आहे.

६ मार्च
पुन्हा उजवीकडे. झापलं तिला. सगळ्यांसमोर.

९ मार्च
चिमणीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्कॅनच्या आधी आम्ही प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिनची कॅप्सूल चिकटवतो. चित्रात तिचा पांढरा ठिपका दिसतो, त्यामुळे उजवं-डावं चुकत नाही. पेपरसाठी मी तयार केलेल्या मूळ चित्रांत ठिपका डावीकडे. चोवीसच्या चोवीस माणसांत!

जुनी वही काढली. त्या वेळचं मशीन आरशासारखी उलटी चित्रं द्यायचं. तंत्रज्ञाने ती सरळ करूनच दिली होती. मी त्याला न विचारता पुन्हा 'सरळ' केली. म्हणजे उलटी. वहीतलं अक्षर माझंच. आणि छापताना आकृती सुबक दिसावी म्हणून ठिपकाही मीच कापला होता. वा रे माझी हुशारी!

चिमणीची माफी मागायला हवी होती. "बघते," एवढंच म्हणाले.

१० मार्च
नवरा म्हणतो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी प्रमोशन पदरात पाडून घे." सरांना फोन केला — माझे गाईड, आता निवृत्त. "खाजवून खरूज काढू नकोस गं. डावं काय, उजवं काय, मेंदू एकच ना!" ते हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

१२ मार्च
माझा पेपर ज्यांनी उद्धृत केलाय त्यांचे पेपर वाचायला बसले. साठ झाले. बहुतेकांनी माझा वाचलेलाच नाही! चारचौघांबरोबर कंसात माझंही नाव, बस. एकाने तर वर्षही चुकवलंय. इतकं हायसं वाटलं! कुणी वाचतच नाही, तर कुणाचं काय बिघडतंय?

१४ मार्च
बिघडलंय. एका डॉक्टरांचा पेपर. पक्षाघातानंतर माणसांची नावं आठवेनाशी झालेले एकतीस रुग्ण. डोक्यावर बाहेरून चुंबकाचे झटके, सहा आठवडे, डाव्या बाजूला. डावीच का? खाली माझं नाव. निष्कर्ष — उपयोग नाही, उपचार बंद केले.

तक्त्यात सतरावी एक बाई. 'मुलाला ओळखते. नाव सांगता येत नाही.' सहा आठवड्यांनंतरच्या रकान्यात — 'तेच'.

१५ मार्च
हे सायटेशनसुद्धा फॉर्ममध्ये मोजलंय मी.

१७ मार्च
नियतकालिकाला पत्र पाठवलं. पेपर मागे घ्या, चूक माझी, एकटीची. डॉक्टरांनाही सगळं लिहिलं — उजव्या बाजूला करून बघता येईल का, असंही विचारलं. प्रमोशनचा फॉर्म फाडला. नवरा म्हणाला, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा!" मग चहा करून आणला.

चिमणीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. रडली वेडी. मला मात्र कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. चूक ती चूक, पण निदान जाणूनबुजून तर नाही ना केली!

१९ मार्च
डॉक्टरांचं उत्तर आलं. ना राग, ना लोभ. "आमच्या पहिल्या काही रुग्णांत उजवी बाजू दिसत होती, म्हणून उपचारांआधी तुम्हालाच विचारलं होतं. तुमची मेल जोडली आहे."

उघडली. माझीच, पाच वर्षांपूर्वीची. "सगळं पुन्हा तपासून पाहिलं. डावीच बाजू. बिनधास्त पुढे जा."

त्यांचा प्रश्न आला होता अकरा वाजून दहा मिनिटांनी. माझं उत्तर गेलं अकरा चौदाला.