बारा रीम कागद

३ जुलै
पाणी कुठेतरी मुरतंय! जानेवारीपासून ऑफिसच्या भिंतीवर पत्रक आहे — कागद वाचवा, दिवे बंद करा, बक्षीस कापडी पिशवी. सहा महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. आज एकदम सगळे साधुसंत! टायपिस्टबाई पाठकोऱ्या कागदावर मसुदे काढतायत. हिशेबनीस जेवायला जाताना पंखा बंद करून गेला — घरचा नळ तरी बंद करत असेल का हा माणूस?

५ जुलै
दिवसभर स्टोअरमध्ये माश्या मारत बसलो. कागद मागायला कुणीच आलं नाही. मी खोलीत शिरलो की यांच्या गप्पा बंद. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणे, "काही नाही हो काका, पर्यावरण." पर्यावरण! गेल्या आठवड्यापर्यंत गाडी चालू ठेवून झोपायचा.

८ जुलै
कळला डाव. कागद लागला नाही की स्टोअर नको. स्टोअर नको की स्टोअरकीपर नको. बावीस वर्षं यांना पेनं-खोडरबरं पुरवली, आणि माझ्याच मुळावर उठलेत! बायको म्हणते, तुम्हाला मेली स्वतःची सावलीसुद्धा चोर वाटते. लेकीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलंय. नोकरी गेली तर? भीती वाटते, दुसरं काय.

१२ जुलै
मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. बारा रीम कागद जुन्या कपाटामागे सरकवले, वहीत 'दिले' म्हणून लिहिलं. दिसू दे वरच्यांना, स्टोअर चालतंय!

२० जुलै
साहेबसुद्धा चहाचा कप घरून आणतात. सगळे सामील.

३० जुलै
साहेबांनी वही मागवली. ऐटीत नेऊन दिली.

३१ जुलै
संध्याकाळी टायपिस्टबाई स्टोअरमध्ये आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, जूनअखेर वरून कपातीची यादी आली होती, त्यात माझं नाव होतं. साहेबांनी महिनाभराची मुदत मागून घेतली — कागद चाळीस रीमवरून वीसच्या आत आणून दाखवतो, मग त्या बचतीवर काकांची जागा राहू द्या. मला कळलं तर हाय खाईन, म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती.
"एकतीस निघाले, काका. आमच्यातल्याच कुणीतरी दगा दिला."
एकतीस. त्यातले बारा कपाटामागे आहेत.
त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

१ ऑगस्ट
सकाळपासून सगळे एकमेकांकडे रोखून बघतायत. माझ्यावर कुणालाच संशय नाही.