गोकुळदासाचा ठिपका आणि माझी सफाई

नार्वे, डिचोली
१७ मार्च २०१९

तीर्थस्वरूप जयराम भावोजींच्या चरणी मेहुणा शिवदास याचा नमस्कार.

तुमचा गुडघा, सुशीलाक्काचा रक्तदाब आणि तुमच्या फोंड्याचा नळ या तिघांची प्रकृती ठीक असेल असे धरून चालतो. इकडे देवकी खुशाल आहे आणि मी तिच्या आश्रयाने आहे. फोन सोडून पत्र का, असे तुम्ही म्हणाल. काही नामुष्क्या फोनवर मावत नाहीत. शिवाय फोनवर तुम्ही मधेच हसता.

निवृत्तीनंतर मी दुर्बीण आणि कॅमेरा घेतला आणि गच्चीवरून आकाशाचे फोटो काढू लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहे (अक्काने तेव्हा विचारले होते, माणसांचे फोटो काढून संपले काय?). खाणी बंद पडल्यापासून आमच्याकडचे आकाश धुतल्यासारखे झाले आहे. अर्ध्या गावाची रोजी गेली, त्यामुळे या गोष्टीचा आनंद उघड करता येत नाही. मी तो एकट्याने, दार लावून करतो.

या छंदात दोन कामे. पहिले गच्चीवरचे: एकाच जागेचे तीन-तीन मिनिटांचे शंभरेक फोटो घ्यायचे. मग दुर्बिणीला झाकण लावून नुसत्या काळोखाचेही घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगचे ठिपके कोणते आणि आकाशातले कोणते ते कळते. (देवकी म्हणाली, ‘‘आता काळोखाचेय फोटो? त्यासाठी गच्चीवर कशाला जायचे, वीज गेली की काढा.’’) दुसरे काम संगणकावरचे: ते सगळे एकावर एक रचून, घासूनपुसून त्यातून चित्र काढायचे. भूमापन खात्यात तेहतीस वर्षे मी एकच गोष्ट सांगत आलो, की मोजणी चुकली तर नकाशा कितीही रंगवा, भांडण मिटत नाही. इथेही मी तेच सांगत असे. आमचा आकाशवेड्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मला सगळे सर म्हणत. म्हणत, असे भूतकाळात लिहितो आहे, कारण मला तरी आता ते ऐकवत नाही.

त्या ग्रुपात पेडण्याचा गोकुळदास आहे. औषधाचे दुकान चालवतो. कॅमेरा कोणीतरी वापरून टाकलेला, संगणकाचे ज्ञान बिल छापण्यापुरते. झाकणाचे फोटो कधी चुकवायचे नाहीत, हे त्याला मीच शिकवले.

या महिन्याच्या अमावास्येला मी सप्तर्षीजवळची एक दीर्घिका (ताऱ्यांचे लांबचे गाव, दिसायला पिठाचे बोट पाटीवर ओढल्यासारखे) तीन रात्री टिपली. तिसऱ्या रात्री नदीवरून दमट वारा आला, भिंगावर दव बसले, माझी कंबर धरली. मी झाकणाचे फोटो न घेताच खाली आलो. संगणक बघून घेईल, म्हटले. जन्मात प्रथमच मी मोजणी अर्धी टाकली, भावोजी, आणि झोपही छान लागली. पुढे चार दिवस संगणकावर बसून मी चित्राला अशी काही चकाकी आणली की विचारू नका. दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका होता. तो मी बारकाईने तपासला, कॅमेऱ्याचा दोष ठरवला आणि काढून टाकला. ग्रुपात वाहवा झाली.

त्याच संध्याकाळी गोकुळदासाने त्याच दीर्घिकेचा स्वतःचा फोटो टाकला. रवाळ, सांज्यासारखा. खाली विचारले, ‘‘सर, कडेला हा ठिपका कसला?’’ मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिले, ‘‘धूळ. पुसून टाका.’’

त्याला पुसता येत नव्हते. एवढ्यावर सगळे घडले. त्याने आपले झाकणाचे फोटो काढून पाहिले, त्यात ठिपका नव्हता. मग पणजीच्या एका प्राध्यापकांना विचारले. गुरुवारी कळले की तिथे एक तारा फुटला आहे आणि तो पाहणाऱ्या पहिल्या चार-पाच माणसांत पेडण्याचा गोकुळदास आहे. माझा ‘धूळ’वाला निरोप अजून ग्रुपात आहे. म्हापशाच्या एकाने त्या निरोपाखाली नंतर शाबासकीच्या अंगठ्याचे चित्र टाकले.

आज सकाळी गोकुळदास पेढे घेऊन घरी आला. मी बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, कदेलीच्या खुर्चीवरून उठेपर्यंत तो पाया पडला होता. म्हणाला, ‘‘सर, तुम्ही झाकणाचे सांगितलेत म्हणून कळले.’’ देवकीने माझ्याकडे पाहिले. मग त्याने माझे मूळ फोटो बघायला मागितले, संगणकासमोर बसला आणि पडद्यावर बोट ठेवून लहान मुलासारखा ओरडला, ‘‘सर, तुमच्याकडेही आलाय! हा बघा!’’ मी म्हटले, हो, हो. त्याने टोमणा मारला असता तर मी पेढा खाल्ला असता. पुढल्या महिन्यात पेडण्याला त्याचा सत्कार आहे आणि ‘फोटो घेण्यातली शिस्त’ यावर मी दहा मिनिटे बोलावे, असा त्याचा हट्ट आहे.

अक्काला नमस्कार.

आपला,
शिवदास

ता. क. वर एक खोटे लिहिले आहे. ठिपका मी तपासला नाही. मला तो दिसलाच नाही, माझ्या फोटोत नाही आणि त्याच्याही नाही. ‘ठिपके काढ’ म्हणून संगणकाला सांगितले, त्याने काढले. आज सकाळीही मला गोकुळदासाचे बोट तेवढे दिसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पुरता पिकला आहे. पुढच्या मंगळवारी तुमच्या फोंड्यातच ऑपरेशन ठरवले आहे. देवकीला यातले काही ठाऊक नाही, तिच्या आईचे डोळे असेच गेले, ती घाबरेल. तुमच्या पोफळीच्या कुळागराची हद्द मोजायला मला बोलावले आहे, असे तुम्ही तिला फोनवर सांगा आणि चार दिवस ठेवून घ्या.

ता. क. २. भावोजी, मी देवकी लिहिते. पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात दिले, तेही पाकीट न चिकटवता. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना सुपारीचा घड म्हणून यांनी मला केरसुणी दिली, तेव्हाच मी ओळखले. आपणहून सांगतील म्हणून गप्प राहिले. कुळागर मोजायला आम्ही दोघेही सोमवारच्या बसने येतो. आत्ताच विचारले, पट्टी सोडल्यावर आधी काय बघणार? म्हणाले, तो तारा, विझला नसला तर. मी समोरच उभी होते.