अर्धी ओळ

प्रिय बबडे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कोपऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता मी शेजारणीकडून लिहून घेतलाय. रागाव हवं तर, पण वाच, आणि शनिवारच्या आत वाच. काल मी माझ्या व्हायोलिनच्या गजाचे केस बदलून घ्यायला दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले होते. त्यांच्या मागच्या फळीवर तुझी व्हायोलिनची पेटी दिसली, हँडलला बाबांनी गुंडाळलेली ती निळी पट्टी, दुसरी कुणाची असणार? काका बिचारे, त्यांना वाटलं मला ठाऊकच असेल. म्हणाले, धाकट्या बाईंनी व्हायोलिन विकायला ठेवलंय, शनिवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय. मी हो हो करत मान डोलावली, गज तिथेच विसरून बाहेर आले आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते.

मग आठवत बसले. बाबांनी आपल्याला शिकवायला घेतलं तेव्हा घरात स्वरलिपीची पानं ठेवायचा स्टँड एकच होता आणि त्याच्यावर उजेड पाडायला दिवाही एकच. मी थोरली म्हणून उजवीकडे, तू धाकटी म्हणून डावीकडे, आणि डावीकडचीनं पान उलटायचं. तू किती थयथयाट करायचीस, नेहमी मीच का म्हणून! बाबा म्हणायचे, अगं, एकीनं वाजवत राहायचं आणि एकीनं वाट मोकळी करायची, त्याशिवाय गाणं पुढं कसं जाईल? मला वाजवत राहायचं होतं, तेव्हा मला ते लगेच पटलं. तू सूड म्हणून एकदा दोन पानं एकदम उलटलीस आणि मी थेट भलत्याच गाण्यात जाऊन पडले. बाबा हसून हसून खोकले.

पुढं वाद्यवृंदात आलो तरी आपला स्टँड एकच राहिला. तिथल्या लांब बोळातले फोटो आठवतात ना? बंदरावरच्या बँडमधली चार माणसं आणि धान्याचं रिकामं गोदाम, एवढ्या भांडवलावर हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि शंभरी उलटली तरी त्याच गोदामात वाजवतोय. पहिल्या सगळ्या फोटोंत मिशाच मिशा. तू प्रत्येक मिशीला नाव ठेवलं होतंस. त्या मिशांच्या राज्यात बाई शिरली ती फक्त हार्पवाली, आणि तिलाही फोटोत अर्धी कापलेली. मग कधीतरी संचालकांनी आपल्या भाच्याला चिकटवलं, त्यावरून जो गदारोळ झाला त्यातून ऑडिशनचा पडदा आला. वाजवणारा पडद्याआड, त्याला नाव नाही, फक्त नंबर. खाली जाड गालिचा, म्हणजे पावलांवरूनही बाई की पुरुष ते कळू नये. तो पडदा नसता तर आपण दोघी आजही लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो असतो. त्या पडद्याची तुला केवढी मिजास होती! आपण कुणाच्या ओळखीनं आलो नाही, आपल्याला न बघता घेतलंय, हे तू दूधवाल्यालाही सांगायचीस.

आणि मग इतकी वर्षं ती खुर्ची, तो स्टँड. पान संपत आलं की शेवटची अर्धी ओळ तू वाजवायची थांबायचीस, व्हायोलिन हनुवटीखाली दाबून डावा हात पुढे करायचीस, आणि मी तुझ्या वाटचा जोर लावून एकटीच वाजवायची. नव्या पानावर तू अशी अलगद येऊन मिळायचीस, की मी कधी एकटी होते हे समोरच्या कुणाला कळायचं नाही. परवा माझ्या मनात आलं, की त्या अर्ध्या ओळी तू वाद्यवृंदात कधीच वाजवल्या नाहीस. प्रत्येक सुरावटीतलं पानाच्या टोकाचं ते तेवढं गाणं माझ्या वाट्याला आलं, तुझ्या वाट्याला कागद आला. मला हे कधी सुचलंच नाही गं.

वाजवताना तुझ्या डाव्या हाताची करंगळी आत वळली आणि सरळच होईना, तो दिवस मी विसरू शकत नाही. ऐन कार्यक्रमात तू गज तारांवरून नुसता फिरवत राहिलीस, आवाज न करता, आणि मला वाटलं तू कंटाळलीस. नंतर डॉक्टर झाले, मालीश झाली, पट्ट्या झाल्या. तू राजीनामा देऊन चष्म्याच्या दुकानात नोकरी धरलीस. मी भेटायला आले तर म्हणालीस, ताई, हे असलं कीव आल्यासारखं तोंड करून माझ्या दारात येऊ नकोस. मी तरी काय करू, मला दुसरं तोंड नाही. तेव्हापासून आपलं बोलणं बंद. तुझी खुर्ची मात्र आम्ही भरली नाही. बदलीवर माणसं यायची, कुणी पान फार लवकर उलटायचं, कुणी खर्रकन. मी वाट बघत होते.

या हंगामात संचालकांचा धीर सुटला आणि ऑडिशन ठरलं. परीक्षकांत मी होते. शेजारी बसणारं माणूस निवडायचं, तेव्हा मला बसवणं त्यांना रास्तच वाटलं. दिवसभर पडद्याआडून एकेक नंबर येत होता. पाच नंबर सुरू झाला आणि आमचा सेलोवाला, जो कुणालाही चांगलं म्हणत नाही, तो खुर्चीत पुढे सरकला. काय सूर होता! संथ, भरलेला, कुठे डळमळ नाही. आणि मग पानाच्या शेवटी, अर्धी ओळ, शांतता. लगेच पुढच्या ओळीवर, बरोब्बर ठोक्यावर, वाजवणं पुन्हा सुरू. चार-सहा सूर, आणि एकदम बंद. नंतर गालिच्यामुळे काहीच ऐकू आलं नाही, फक्त बाजूचं दार लागलं. सेलोवाला म्हणाला, अरेरे, दिवसातला सगळ्यात सुंदर आवाज, पण अर्धी ओळ गिळली, मोजता येत नाही याला. वाजवणारा ओळखू आला तर परीक्षकानं कागद कोरा द्यायचा, आणि त्याविषयी आयुष्यात कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी कागद कोरा दिला. पाच नंबरला एक मत कमी पडलं. आता माझ्या शेजारी एक नवी मुलगी बसते, चुणचुणीत आहे, पान झटक्यात उलटते.

तो नियम मी आज मोडतेय. काका म्हणाले, बाई हिवाळाभर येऊन नव्या तारा नेत होत्या, आणि मग अचानक एके दिवशी पेटी आणून ठेवली, म्हणाल्या, हात ऐनवेळी दगा देतो, आता नाद सोडला. बबडे, तुला वाटतंय करंगळी पुन्हा वळली. तुला वाटतंय घरी नीट वाजायचं आणि तिथे हातानं घात केला. तसं नाही झालेलं. मोजण्यात चुकणारा माणूस पुढच्या ओळीवर बरोब्बर ठोक्यावर येत नाही. त्या रंगमंचावर उभं राहिल्यावर, समोर दोन्ही पानं शेजारी-शेजारी मांडलेली असताना, उलटायला काही नसताना, तू थांबलीस आणि तुझा हात पुढे गेला. मी पडद्याच्या या बाजूला होते, मला दिसलं नाही, पण मी शपथेवर सांगते तो गेला. ती जागा गेली, आणि ती गेली माझ्या कोऱ्या कागदानं. मत दिलं असतं तर तू मला जन्मात माफ केलं नसतंस, आणि दिलं नाही म्हणून मी रोज रडते. पण व्हायोलिन शनिवारच्या आत घरी घेऊन ये. तुझा हात बरा झालाय गं. तो फक्त माझं पान उलटायला गेला होता.

तुझीच, अजून उजवीकडेच बसणारी,
ताई